तिसऱ्या तारेला गूळ

आमच्या घरातल्या इलेक्ट्रिक गिटारला मुंग्या लागल्या, आणि त्या मी लावल्या.

हे वाक्य मी मुद्दाम पहिलं आणि सरळ लिहिते आहे. कारण आमच्या नातेवाइकांत या प्रकरणाच्या निदान चार आवृत्त्या फिरत आहेत. एकीत दोष हवामानाचा आहे, दुसरीत गिटार बनवणाऱ्याचा, तिसरीत आमच्या ह्यांचा. चौथीत कुणाची तरी नजर लागली आहे. चारही मीच वेगवेगळ्या लोकांना सांगितल्या होत्या. आता कोणाला काय सांगितलं ते माझ्याच लक्षात राहीना, तेव्हा खरं लिहून मोकळं व्हावं हे बरं.

मी वसमतला एका शाळेच्या कार्यालयात लिपिक आहे आणि यादी केल्याशिवाय मला सुचत नाही. माझ्या लग्नात रुखवताची यादी मीच केली होती. दोन वस्तू कमी भरल्या तेव्हा अंतरपाट धरलेला असताना मी पलीकडं वाकून आईला विचारलं होतं. (अंतरपाटाच्या त्या बाजूनं आमच्या ह्यांनी माझा ऐकलेला पहिला शब्द ‘तांब्या’ हा आहे.) ह्यांचं बसस्टँडजवळ मोटारी भरायचं दुकान आहे. म्हणजे विहिरीवरची मोटार जळाली की आतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळून देतात. आमची मुलगी ऋतुजा चोवीस वर्षांची. नांदेडला एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरी करते आणि उरलेल्या वेळात गिटार वाजवते.

तर ही ऋतुजा दसऱ्याला घरी आली ती गिटार आणि तिचा छोटा स्पीकर घेऊनच. तिकडच्या एका ऑर्केस्ट्राला लीड गिटार वाजवणारं माणूस हवं होतं. लीड म्हणजे जो पुढं उभा राहून एकटा सूर चढवत नेतो तो. बाकीचे मागं ताल धरतात. या एका जागेसाठी तिनं दोन वर्षं तयारी केली होती आणि रविवारी सकाळी तिला वाजवून दाखवायला बोलावलं होतं. खंडेनवमी बुधवारी, दसरा गुरुवारी, परीक्षा रविवारी. वेळापत्रक मला उत्तम वाटलं.

खंडेनवमीला आमच्यात घरातल्या प्रत्येक हत्याराची पूजा असते. हत्यार म्हणजे ज्याच्यावर घर चालतं ते सगळं. विळा, कुऱ्हाड, ह्यांचे पान्हे, शिलाई मशीन, मिक्सर, माझं कार्यालयातलं पंचिंग मशीन. यादी एकतीस वस्तूंची आहे, आणि यंदा मी अनुक्रमांक एकोणीसनंतर एक ओळ वाढवली.

“आई, गिटार काहून लिहिली?” ऋतुजानं विचारलं.

“पोटापाण्याचं हत्यार होणार ना ते?”

“अजून कुठं झालंय?”

“व्हायच्या आधी पूजा केली तर देवाच्या ध्यानात राहतं.”

तिनं मान हलवली आणि आत गेली. भांडायला हवं होतं, असं आता वाटतं.

पूजा मी मनापासून केली. गिटार पाटावर आडवी ठेवली. ओल्या फडक्यानं पुसली. तिच्या बुडाशी प्रत्येक तारेला टेकू म्हणून एकेक इवलीशी लोखंडी घोडी असते, मागं बारीक स्क्रू आणि स्प्रिंग. सहा तारा, सहा घोड्या. इतकी शिस्तशीर रचना पाहून मला भरूनच आलं. मी सहाही घोड्यांवर पाण्यात कालवलेल्या हळदीकुंकवाचं एकेक बोट लावलं, एकसारख्या अंतरावर. मग नैवेद्य. प्रत्येक हत्यारावर गुळाचा चिमूटभर खडा ठेवायची आमची रीत. कुऱ्हाडीवर लहान ठेवला, मिक्सरवर लहान ठेवला. गिटारवर मात्र सुपारीएवढा ठेवला, परीक्षा मोठी होती म्हणून. तो घरंगळू नये म्हणून मी घोड्यांच्या मधल्या खाचेत, तिसऱ्या तारेपाशी, अंगठ्यानं नीट दाबून बसवला.

आता रीतीचा दुसरा भाग. पुजलेलं हत्यार दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत उचलायचं नाही. त्यानंही वर्षातून एकदा आराम करावा. आमच्या घरात तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उचलत नाहीत.

“आई, रविवारी माझी परीक्षा आहे. तासभर तरी वाजवू दे.”

“हात लावायचा न्हाई.”

“बाबा मोटारीला हात लावूनच राहिले की.”

“त्यांची मोटार गिऱ्हाइकाची आहे. तिची पूजा गिऱ्हाईक करील.”

असा तो गूळ खिडकीतल्या उन्हात पावणेदोन दिवस निवांत वितळला.

शुक्रवारी सकाळी मी डबा भरत होते. ऋतुजाची हाक आली. ओरडून नव्हे, अगदी शांत आली. आमची मुलगी शांत झाली की मी हातातलं काम खाली ठेवते.

“आई, इथं मुंग्या आहेत.”

“मग पूस की.”

“गिटारमधून निघून राहिल्यात.”

मी शाळेत फोन करून रजा टाकली.

एकूण परिस्थिती अशी होती. कुंकवाच्या पाण्यानं तारा बुडाशी गंजल्या होत्या. त्या बदलणं भाग होतं. ऋतुजाच्या पिशवीत नव्या तारांचा एक संच होता, पण पहिल्यापेक्षा जरा जाड. पहिल्यासारखा बारीक संच वसमतला मिळत नाही. तिनं त्या चढवल्या, सुरात लावल्या, बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या त्या आडव्या पट्ट्या) बोट दाबून एक तार छेडली आणि डोळे मिटून घेतले.

“काय झालं?”

“इंटोनेशन गेलं.”

“नीट सांग. मला कळेल असं.”

तिनं सांगितलं. बारावी फ्रेट म्हणजे तारेचा बरोबर मध्य. मोकळी तार जो सूर देते, तोच सूर मध्यावर दाबल्यावर वरच्या सप्तकात निघायला हवा. जाड तारा लावल्या की तो जरा चढा निघतो. मग घोडी स्क्रूनं किंचित मागं घ्यायची, तार पुन्हा सुरात लावायची, पुन्हा मध्यावर दाबून पाहायची. जुळेपर्यंत हेच. प्रत्येक तारेला वेगळं.

“न्हाई जुळवलं तर?”

“खाली ठीक वाजेल. जितकं वर जावं तितकं बेसूर होत जाईल. आणि लीडला सगळं वरच वाजवायचं असतं.”

हे मला लगेच पटलं. इतकी व्यवस्थित गोष्ट मी बऱ्याच वर्षांत ऐकली नव्हती. मी पट्टी घेऊन तक्ता आखायला बसले. तारेचा क्रमांक, मोकळा सूर, मध्यावरचा सूर, फरक, स्क्रूचे फेरे, शेरा. ऋतुजानं पहिला स्क्रू फिरवून पाहिला. तो फिरला नाही. दुसरा फिरला नाही. सहाही फिरले नाहीत. हळद, कुंकू, गूळ आणि मुंग्या यांचं मिळून काहीतरी झालं होतं आणि ते सुकलं होतं.

“मी आंघोळ करून येते,” ती म्हणाली. “तोवर कशाला हात लावू नको, आई. पाया पडते तुझ्या.”

मी हात लावला नाही, चमचा लावला. गूळ कशात विरघळतो? गरम पाण्यात. एवढं कळायला संगीत यावं लागत नाही. सहा घोड्या, सहा चमचे. गूळ खरोखर सुटायला लागला, पिवळा-तांबडा ओघळ वाहायला लागला आणि घोड्यांच्या पुढं असलेल्या एका काळ्या पट्टीच्या फटीत गडप झाला. मला वाटलं, पाणी जायला वाटही ठेवली आहे. हुशार लोक!

ती वाट नव्हती. तारेचा आवाज पकडून स्पीकरला पाठवणारी कॉइल त्या पट्टीखाली असते.

ऋतुजानं आंघोळीहून आल्यावर वायर जोडली. स्पीकरमधून जो आवाज आला त्यानं आमचे हे दुकानातून जेवायला येताना दारातच थबकले.

“बेअरिंग गेली का कशाची?”

“बाबा, गिटारमध्ये पाणी गेलंय.”

“आत काय असतं तिच्या?”

“चुंबक आणि कॉइल.”

ह्यांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला तो ऋतुजाच्या जन्माच्या वेळीसुद्धा मी पाहिला नव्हता. तीन वर्षं ते त्या वाद्याकडे परक्यासारखे बघत होते. आता एकदम घरचं निघालं.

“कॉइल म्हंजे आपलंच काम की. किती वेढे हायत? उलगडून बघू का?”

“बाबा, त्यात केसापेक्षा बारीक तार असते. हजारो वेढे.”

“मग एका दिवसाचं काम धर. रविवारपर्यंत आरामात भरून देतो.”

“बाबा, हात लावू नका.”

“बरं, उलगडत न्हाई. वाळवू तरी दे. गिऱ्हाइकाच्या मोटारी वाळवतोच ना मी?”

ऋतुजानं वायर काढून गिटार त्यांच्या हातात दिली, आणि मी दार उघडून धरलं. दुकानात वार्निश वाळवायची पेटी आहे. पत्र्याची, आत दोन मोठे बल्ब. गिटारचं अंग आत गेलं, मान बाहेर राहिली. आम्ही तिघं समोर स्टुलांवर बसलो, एखाद्याचं ऑपरेशन चालू असावं तसे. तेवढ्यात डोंगरकडा गावचे एक शेतकरी आपली मोटार न्यायला आले. त्यांनी ती बाहेर आलेली मान नीट न्याहाळली.

“ही कितीची हाय?”

“म्हंजे?” ह्यांनी विचारलं.

“तीन एचपीची का पाचची? पाइप लई बारीक दिसून राहिला. पाणी किती फेकती?”

“सहा चमचे,” ऋतुजा म्हणाली.

दोन तासांनी पेटी उघडली. वायर जोडली. आवाज स्वच्छ आला! ह्यांनी शर्टाची कॉलर नीट केली. ऋतुजा तीन दिवसांत पहिल्यांदा हसली. मीही हसले, आणि हसता हसता मला एक वास आला. ओळखीचा, संक्रांतीच्या आसपास स्वयंपाकघरात असतो तो.

गुळाचं पाणी करून त्याला दोन तास शेक दिला तर काय होतं, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही बाईला विचारा. चिक्की होते.

पाच घोड्यांवर ती पातळ होती. दात घासायचा ब्रश आणि लॅबचं स्पिरिट (ऋतुजाच्या पिशवीत असतंच) घेऊन मी संध्याकाळपर्यंत बसले. पाच स्क्रू सुटले. तिसऱ्या तारेची घोडी, जिच्यापाशी तो सुपारीएवढा खडा अंगठ्यानं दाबून बसवला होता, ती जागची हलेना. त्या चिक्कीत दोन मुंग्याही होत्या. त्यांच्याकडे बघून मला माझीच आठवण झाली.

शनिवारी सकाळी तक्ता काढला. फोनवरचं सूर मोजायचं ॲप मी बघायचं, ऋतुजानं तार छेडायची. तार सैल करा, स्क्रू पाव फेरा आवळा, तार पुन्हा सुरात घ्या, बारावी फ्रेट दाबा, वाचा, लिहा. मला कबूल करायला हवं की ते दोन तास मी सुखात होते. पहिली तार जुळली. दुसरी जुळली. चौथी, पाचवी, सहावी जुळली. प्रत्येकीपुढं मी बरोबरची खूण केली. आता ऐकूनही मला चढा-उतरा सूर कळायला लागला होता. ऋतुजा चहा ठेवायला आत गेली.

तक्त्यात एकच ओळ रिकामी होती.

यादीचा नाद असलेल्या माणसाला एक रिकामी ओळ ठेवून चहा पिता येत नाही. हे कारण आहे, बचाव नाही. मी ह्यांचा मोठा पेचकस घेतला, तिसऱ्या तारेच्या स्क्रूला लावला आणि अंगातला सगळा जोर घातला. कर्र असा आवाज आला आणि पेचकस फिरला. एक पूर्ण फेरा! मी तक्त्यात ‘१’ लिहिलं. आणखी एक फेरा, ‘२’. घोडी मात्र होती तिथंच होती. वाकून पाहिलं तेव्हा समजलं की स्क्रू फिरलाच नव्हता. त्याच्या डोक्यावरची फुली घासून मी गुळगुळीत केली होती. आता जगातला कुठलाच पेचकस त्यात बसणार नव्हता.

ऋतुजा चहा घेऊन आली. तिनं स्क्रू पाहिला, पेचकस पाहिला, मग तक्ता पाहिला. तिसऱ्या ओळीत शेऱ्याच्या रकान्यात मी सवयीनं ‘प्रलंबित’ असं लिहिलं होतं.

“ड्रिल मारून बघू का?” दारातून हे म्हणाले.

ऋतुजानं गिटार पिशवीत घातली, चेन ओढली आणि पिशवी मांडीवर घेऊन भिंतीशी बसली. एखादं लेकरू कुणी ओढून नेईल म्हणून धरावं तशी.

“आई, आता काही करू नको,” ती म्हणाली. “यादीसुद्धा नको.”

मी दिवसभर काही केलं नाही. इतका लांब शनिवार माझ्या आयुष्यात दुसरा नाही.

रविवारी सकाळच्या एसटीनं आम्ही दोघी नांदेडला गेलो. नको म्हणत असतानाही मी गेले. ऑर्केस्ट्राचे मास्तर पांढऱ्या सफारीतले, पन्नाशीचे, कान टवकारून बसलेले. मी बाहेर बाकड्यावर. आधी तीन मुलं वाजवून गेली. तिघंही सुरुवातीपासून मानेच्या वरच्या टोकाला जाऊन गिटार अशी काही किंचाळवत होती की शेजारच्या इमारतीतला कुत्रा साथ देत होता. मग ऋतुजाचं नाव पुकारलं.

ती वाजवायला लागली आणि मी बाकड्यावरून उठून दाराशी गेले. तिनं बसवलेली ती चढती रचना मी घरात शंभरदा ऐकली होती. खालून सुरू होते, पायरीपायरीनं वर जाते आणि शेवटी अगदी टोकाला जाऊन थांबते. आज ती खालून सुरू झाली, पाचव्या फ्रेटपाशी आली आणि तिथून गुपचूप परत फिरली. पुन्हा आली, पुन्हा फिरली. जिन्याच्या मधल्या पायरीवर कुणीतरी वाट अडवून उभं असावं तशी. कोण उभं होतं ते मला माहीत होतं.

“पोरी, वर जा ना,” मास्तरांचा आवाज आला.

“इथंच बराय, सर.”

“अगं, जा म्हणून राहिलो ना मी.”

“गरज न्हाई वाटत, सर.”

आतला आवाज बंद झाला. बऱ्याच वेळानं मास्तर स्वतः बाहेर आले.

“तुम्ही आई का?”

“व्हय.”

“लीडला आम्ही दुसरा पोरगा घेतला. पण ही पोरगी मला ऱ्हिदमला पाहिजे. मागं उभं राहून ताल धरायला. आजकाल कुणाला हात राखून वाजवता येत न्हाई. हिला येतं. कुणी शिकवलं?”

ऋतुजा त्यांच्या मागं उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

परतीच्या गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. वसमतची वेस दिसायला लागल्यावर म्हणाली, “दोन वर्षं मी त्या वरच्या फ्रेटांसाठी बोटं फोडून घेतली, आई.” आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बोलता आलं असतं. मी नुसता तिचा डावा हात हातात घेतला. बोटांची टोकं दगडासारखी टणक झाली होती. अशा वेळी काय करायचं, त्याची यादी माझ्याकडे नव्हती.

त्या बुडाचा पूर्ण भागच बदलावा लागेल, असं दुरुस्तीवाल्यानं सांगितलं आहे. मी तो मागवायला निघाले होते. ऋतुजा म्हणाली, “लग्नसराई होऊ दे, मग मीच मागवते. तू मागवू नको.” तोवर ती त्याच गिटारवर ऱ्हिदम वाजवते. पाचव्या फ्रेटच्या वर तिचा हात जात नाही.

परवा कनेरगाव नाक्याला नात्यातलं लग्न होतं आणि नेमका हाच ऑर्केस्ट्रा होता. लीडवाला पोरगा पुढं येऊन केस उडवत होता. ऋतुजा मागं, शांत, मान खाली. माझ्या शेजारी मोठ्या नणंदबाई बसल्या होत्या. त्या माझ्या कुठल्याही गोष्टीला सहजासहजी चांगलं म्हणत नाहीत.

“त्यो पोरगा बघा कसा उड्या मारून राहिला,” त्या म्हणाल्या. “आन् आपली ऋतू बघा. किती मर्यादेत. एवढ्या लोकांत उभी हाय, पण एक पायरी वर चढत न्हाई. ह्याला म्हंत्यात आईचे संस्कार.”

अठ्ठावीस वर्षांत त्यांनी केलेलं हे माझं पहिलं कौतुक. मी पदर सावरला, नम्रपणे मान हलवली आणि जिलबी तोंडात टाकली. संस्कार कसले? स्क्रू अडकलाय. पण ते अजून कुणाला सांगितलेलं नाही.